जुना ट्रॅक्टर घेतल्यावर

पेठ वडगांवच्या बाजारांत बैल घेतांना आपण दांत पाहतों, चाल पाहतों. जुना ट्रॅक्टर घेतांना मात्र ताज्या रंगासच भुलतों. ऐन ऊसतोडीच्या हंगामांत आमचेंही तसेंच झालें. घेतलेला ट्रॅक्टर अर्धा तास चाले, बंद पडे, आणि थोड्या विसाव्यानें पुन्हां सुरू होई. डिझेलचा पंपच उतरवावा, असें मिस्त्रींचें मत पडलें. तत्पूर्वीं आम्हीं टांकीचें झांकण सैल केलें, तों हवा आंत शिरल्याचा आवाज आला! झांकणांतील वायुछिद्र मातीनें बुजलें होतें. त्यामुळें टांकींत पोकळी होऊन डिझेलचा प्रवाह थांबे. एका तारेनें काम भागलें.

खरें दुखणें दुसरेंच होतें. रेडिएटरमधील पाणी रोज उतरे, आणि ऑईलची पट्टी काढतां ऑईल दुधाळ चहासारखें दिसलें. ऑईलांत असें पाणी शिरलें म्हणजे बहुधा हेड गॅस्केट फुटलेलें, अथवा लायनरचीं रबरी कडीं गेलेलीं असतात. त्याच स्थितींत इंजिन चालविल्यास बेअरिंगें नासतात. उसाच्या खेपा चुकल्या, तरी आम्हीं तें खोलविलें, गॅस्केटच होतें. हेडची बैठक सपाट आहे कीं नाहीं हें तपासूनच नवें बसवावें. ती वांकडी असल्यास नवेंही टिकत नाहीं.

फिल्टर बदलल्यावर त्यावरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊं लागतांच स्क्रू आवळावा.

नोंदणीपत्रांत बँकेचा बोजा नाहीं हें पाहून २९ व ३० नंबरच्या नमुन्यांवर विक्रेत्याची सही घ्यावी. ती आम्हीं घेतली होती; ऑईलची पट्टी मात्र व्यवहारापूर्वीं पाहिली नव्हती.