प्रीदी फनोमयोंग : थाई लोकसत्तेचा पाया घालणारा सुधारक

आधुनिक थायलंडच्या राजकारणातील सुधारकांमध्ये प्रीदी फनोमयोंग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. कारण राजाच्या हातची सत्ता जनतेकडे सोपवणे पुरेसे नाही, ती पेलण्यासाठी जनतेला विद्या आणि पोटापाण्याची शाश्वती लाभली पाहिजे, हे त्यांनी सुरुवातीपासून ओळखले होते.

१९०० मध्ये आयुत्थया येथे जन्मलेल्या प्रीदींनी फ्रान्समध्ये कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९२७ मध्ये पॅरिसमध्ये सहा सहकाऱ्यांसह 'खना रात्सदोन', म्हणजे लोकपक्ष, ही गुप्त संघटना स्थापन केली. या पक्षाने २४ जून १९३२ रोजी उठाव करून सयाममधील, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमधील, अनियंत्रित राजेशाही संपवली. तीनच दिवसांनी लागू झालेल्या हंगामी राज्यघटनेचा मसुदा प्रीदींचा होता आणि देशाची सर्वोच्च सत्ता जनतेची आहे, हे तिच्या पहिल्याच कलमात नमूद होते.

१९३३ मध्ये त्यांनी मांडलेल्या आर्थिक योजनेत शासनाने रोखे देऊन जमीन विकत घ्यावी, शेतकऱ्यांना पगार द्यावा आणि प्रत्येकाच्या उदरनिर्वाहाची हमी घ्यावी, असे सुचवले होते. मात्र साम्यवादाचा शिक्का बसून त्यांना काही महिने देश सोडावा लागला. परतल्यावर त्यांनी १९३४ मध्ये सर्वांना प्रवेश खुला असलेले विद्यापीठ स्थापले, ज्याचे आजचे 'थम्मासात' हे नाव आपल्या 'धर्मशास्त्र' या शब्दाचेच थाई रूप आहे. पुढे परराष्ट्रमंत्री या नात्याने त्यांनी पाश्चात्त्य सत्तांशी झालेले विषम करार बदलून घेतले, तर अर्थमंत्री असताना गरिबांना जाचणारी डोईपट्टी रद्द केली.

दुसऱ्या महायुद्धात थायलंडचे सरकार जपानच्या बाजूने उभे असताना, राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या प्रीदींनी 'सेरी थाई', म्हणजे स्वतंत्र थाई, या भूमिगत चळवळीचे देशातील नेतृत्व केले, आणि त्यामुळे युद्धानंतर पराभूत राष्ट्राची वागणूक बऱ्याच अंशी टळली. १९४६ मध्ये ते पंतप्रधान झाले. परंतु त्याच वर्षी राजा आनंद महिदोल यांचा गोळी लागून मृत्यू झाला, विरोधकांनी त्याचा ठपका प्रीदींवर ठेवला आणि १९४७ च्या लष्करी उठावानंतर त्यांना परागंदा व्हावे लागले. १९४९ मध्ये पुन्हा सत्ता मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. त्यानंतर चीन आणि फ्रान्समध्ये दिवस काढून १९८३ मध्ये ते पॅरिसमध्ये निवर्तले.

१९३२ पासून २०१७ पर्यंत थायलंडमध्ये वीस राज्यघटना आल्या आणि त्यांतील अनेक लष्कराने मोडीत काढल्या. प्रीदींनी पहिल्या कलमात लिहिलेले तत्त्व तिथे अजून पुरतेपणी अंमलात यायचे आहे.