पहिले एअर पिस्तूल घेताना : सभासद पालकांसाठी चार गोष्टी



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. आपल्या सभासदांची कितीतरी मुले पोटापाण्यासाठी भिवंडीला आहेत; कुणी गोदामात, कुणी यंत्रमागावर, तर कुणाचे टेम्पो आहेत. त्यांची पोरे तिथल्या शाळेत जातात आणि आता नेमबाजीच्या क्लबात जायचे म्हणतात. मग गावाकडे निरोप येतो, "आबा, यंदाच्या बिलातून पोराला पिस्तूल घ्यायचं आहे." आबा विचारात पडतात. पिस्तूल म्हणजे काय, परवाना लागतो काय, कोणते घ्यावे, पैसे वाया तर जाणार नाहीत? त्यासाठी हा लेख.

हा नाद काही वाईट नाही. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पिस्तुलात कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. भिवंडीच्या शेजारचा, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. आणि ज्या एअर पिस्तुलाविषयी आपण बोलणार आहोत, त्यात मनू भाकर हिने पॅरिसला पदक मिळवले. तेव्हा पोराला वेड्यात काढू नका. पण पैसे मोजण्याआधी माहिती करून घ्या.

खेळ कसा असतो?

निशाणा १० मीटरवर असतो. पिस्तूल एकाच हातात, हात लांब करून धरायचे. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, तोंडाशी सपाट, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर. स्पर्धेत असे ६० नेम मारायचे.

नियमाने पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही आणि चाप किमान ५०० ग्रॅम ओढीचा असावा लागतो. दुर्बीण चालत नाही. पुढची माशी आणि मागची खाच, एवढ्यावरच नेम.

आता हिशोब बघा. माशी आणि खाच यांच्यात साधारण ३२ सेंटिमीटरचे अंतर असते. तिथे माशी एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला जातो. दहाचा नेम साताच्या आसपास येतो. म्हणून पिस्तूल निवडताना दोनच गोष्टी मोठ्या: मूठ हातात नीट बसते का, आणि चाप हात न हलवता सुटतो का. छर्रा किती जोरात जातो, याला या खेळात फारशी किंमत नाही. दुकानदार "लई पॉवर आहे, घ्या की" म्हणाला, तर समजावे की तो दुसऱ्याच कामाची वस्तू विकतो आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातो आणि तेवढे पुरते.

चार जाती

उसाच्या जशा जाती, तशा पिस्तुलाच्याही.

पहिली स्प्रिंगची. नळी मोडून स्प्रिंग ताणायची. ही स्वस्त. पण चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच हाताला हिसका बसतो. बहुतेकांचा चापही कडक असतो. जुन्या काळी जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ ६५ सारख्या पिस्तुलांत हा हिसका मारण्याची युक्ती होती, पण ती वेगळी गोष्ट. बाजारातले साधे स्प्रिंग पिस्तूल क्लबच्या नेमबाजीला उपयोगाचे नाही.

दुसरी एका दाबाची. बाजूचा किंवा खालचा दांडा एकदा उघडून मिटला की एका नेमापुरती हवा दाबली जाते. हिसका जवळपास नाही, प्रत्येक नेम सारखा, बाहेरून हवा भरायची भानगड नाही. रशियाच्या इझेव्स्कचे आयझेडएच-४६एम हे या जातीचे नावाजलेले पिस्तूल; कित्येक देशांत नवशिक्यांनी त्यावर हात बसवला. उणे एवढेच की सरावाच्या नेमांसह एका बैठकीत ऐंशी-शंभर वेळा दांडा मारावा लागतो. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा दंड भरून येतो.

तिसरी कार्बन डायऑक्साइड वायूची. उन्हाळ्यात वायूचा दाब वाढतो, थंडीत उतरतो आणि नेम वरखाली होतो. स्पर्धेतून ही जात जवळजवळ गेलीच.

चौथी भरलेल्या हवेची. छोट्या सिलिंडरात साधारण २०० बार दाबाची हवा भरून ठेवायची आणि तीवर दीडशेच्या आसपास नेम निघतात. ऑस्ट्रियाचे स्टायर, स्वित्झर्लंडचे मोरिनी, इटलीचे पार्दिनी, जर्मनीचे वॉल्थर आणि फाइनवेर्कबाउ ही यातली नामांकित नावे. मोठ्या स्पर्धेत हीच दिसतात. ही हवा पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने भरत नाही. त्याचा दाब फार कमी. त्यासाठी खास हातपंप किंवा मोठे सिलिंडर लागते, आणि ते बहुधा क्लबकडे असते. वेल्डिंगचा ऑक्सिजन तर चुकूनही भरू नये. तेल-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो.

पैशाचा हिशोब

चौथ्या जातीचे नवे परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जाते. दीड लाख धरले, तर २०२४-२५ च्या हंगामातील टनाला ३,४०० रुपये एफआरपीने ते ४४ टन उसाचे पैसे झाले, तेही तोडणी-वाहतूक वजा न करता. म्हणजे एका एकराचे चांगले पीक. एवढा माल एका वस्तूत घालायचा, तर घाई नको.

आमचे सांगणे असे की पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका. क्लबचे पिस्तूल वापरू द्या. तेवढ्यात पोराचा नाद टिकतो की नाही ते कळते, आणि वाढत्या वयाच्या हाताचा अंदाजही येतो. तोवर खर्च फक्त फी, छर्रे आणि डोळ्यावरचा चष्मा एवढाच.

सहा महिन्यांनी घ्यायचेच ठरले, तर आधी चांगल्या स्थितीतले वापरलेले पिस्तूल बघा. हात धडधाकट असेल तर दुसऱ्या जातीचे चालेल. मूल लहान असेल तर चौथ्या जातीतले हलके, छोटे मॉडेल बघावे. स्वस्त म्हणून स्प्रिंगचे घेऊ नका. त्याने लागलेली खोड मोडायला पुढे वर्ष जाते, आणि दुसरे पिस्तूल घ्यावे लागते ते वेगळेच.

हातात घेऊन काय बघावे?

एक, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नळी निशाण्याच्या बाजूला ठेवून पोराने डोळे मिटावेत आणि हात वर न्यावा. डोळे उघडल्यावर माशी खाचेत बरोबर मध्ये दिसली तर मूठ हाताची. दर वेळी एका बाजूला गेली तर मूठ बदला किंवा क्लबात जाणत्याकडून घासून घ्या. डावखुऱ्याला डावी मूठच हवी.

दोन, अर्धा मिनिट हात लांब धरून बघावा. थरथर वाढली तर वजन जास्त आहे.

तीन, सिलिंडरवरची तारीख वाचावी. स्पर्धेच्या नियमाने सिलिंडर दहा वर्षांपर्यंतच चालतो. हवा भरून रात्रभर ठेवावे. सकाळी काटा उतरला तर गळती आहे.

चार, कोरड्या सरावाची सोय आहे का ते विचारावे. म्हणजे छर्रा न घालता नुसता चाप ओढायचा. भिवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीतसुद्धा हा सराव कोऱ्या भिंतीसमोर रोज अर्धा तास होतो, आणि खरा नेम त्यानेच तयार होतो. स्प्रिंगच्या पिस्तुलाला असे रिकामे मारले तर आतले वॉशर खराब होतात. स्प्रिंगचे नको म्हणण्याचे हे आणखी एक कारण.

कायदा आणि घरची शिस्त

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाचा जोर सहा ज्यूलच्या आसपास असतो. तरी पावती जपून ठेवा आणि नेताना पेटीत बंद करून न्या. परवाना नाही म्हणून ते खेळणे होत नाही; एवढ्या जोराने डोळा कायमचा जातो. पाखरांवर तर ते रोखूच नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. जत्रेत, लग्नात, शेजाऱ्याला दाखवायला पिस्तूल बाहेर काढू नये.

घरात पिस्तूल आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात ठेवावेत आणि किल्ली वडीलधाऱ्याकडे असावी. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देऊ नये.

तेव्हा नातवाचा निरोप आला, तर आबांनी "नको" म्हणू नये आणि लगेच "घे" असेही म्हणू नये. "सहा महिने क्लबात जा, तुझ्या हाताला कोणती मूठ बसते ते वस्तादाला विचारून सांग," असे म्हणावे. तेवढ्यात पुढचा हप्ताही जमा झालेला असेल.