नाव एक, ब्रिज तीन

कंटेनर चालवणाऱ्या इन्कसला सांगितलं की तो प्रत्येक मशीनवर स्वतःचा ब्रिज उभा करून देतो. त्यावर डीएचसीपी तोच चालवतो, नॅटही तोच करतो. एकाच मशीनवर काम असेल तर यापरतं सुख नाही. तीन मशीनचं क्लस्टर झालं की मात्र अडचण कळते. तिन्हीकडे त्या ब्रिजचं नाव एक, पत्त्यांचा पट्टा एक, पण एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. पहिल्या मशीनवरचा वेब सर्व्हर तिसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसला हाक मारतो आणि ती हाक मशीनबाहेर पडतच नाही.

यावर ओव्हीएन, म्हणजे सगळ्या मशीनवर पसरणारं आभासी नेटवर्क, हा भारदस्त उपाय आहे, पण तो शिकायला वेळ लागतो. लहान क्लस्टरसाठी मी साधाच मार्ग सुचवेन: ऑफिसच्या स्विचला जोडलेला लिनक्स ब्रिज आपण आधी तयार ठेवायचा आणि कंटेनर थेट त्याला लावायचे.

लिनक्स ब्रिज म्हणजे कर्नलमध्येच बसलेला स्विच. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टकडून आला हे तो टिपून ठेवतो. त्या पत्त्याकडून काही आलंच नाही, तर एरवी ३०० सेकंदांनी ती नोंद पुसतो. कंटेनर सुरू होताना कर्नल व्हीथ नावाची दोन टोकांची आभासी तार बनवतो. एक टोक कंटेनरच्या आत नेटवर्क कार्ड म्हणून दिसतं, दुसरं ब्रिजमध्ये खोचलं जातं. ब्रिजला मशीनचं खरं कार्डही जोडलेलं असलं, की कंटेनर ऑफिसच्या राउटरकडूनच आयपी घेतो. नॅट मध्ये येतच नाही.

तयारीत एकच जागा निसरडी आहे. कार्ड ब्रिजचं पोर्ट झालं की मशीनचा आयपी पत्ता कार्डावर ठेवायचा नाही, ब्रिजवर न्यायचा. एसएसएचवर बसून हे तुकड्या-तुकड्यांनी करणारा माणूस पहिल्या तुकड्यानंतर बाहेर फेकला जातो. म्हणून नेटप्लॅनच्या किंवा सिस्टिमडी-नेटवर्कडीच्या फाइलमध्ये दोन्ही बदल एकदम लिहावेत, आणि त्या वेळी मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावलेला असावा.

पुढचं काम इन्कसच्या प्रोफाइलमध्ये. नेटवर्क कार्डाचा प्रकार 'ब्रिज्ड', पालक म्हणून आपल्या ब्रिजचं नाव, समजा 'बीआर०', एवढंच लिहायचं. आधीच्या नोंदीत इन्कसच्या नेटवर्कचं नाव असेल तर ते काढावं लागतं. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

आता खरी मेख. प्रोफाइल साऱ्या क्लस्टरचं सामायिक असतं, ब्रिज मात्र ज्या-त्या मशीनचा. इन्कसला फक्त 'बीआर०' हे नाव कळतं. त्यामागे काय आहे ते तो बघत नाही. तिसऱ्या मशीनवर त्या नावाचा ब्रिजच नसेल, तर तिथे कंटेनर सुरूच होत नाही. नवा कंटेनर कुठे ठेवायचा हे एरवी क्लस्टरच ठरवतं, त्यामुळे काही सुरू होतात, काही नाही, आणि माणूस चक्रावतो. तरी ही चूक बरी, कारण ती ओरडून सांगते. वाईट ती दुसरी: ब्रिज आहे, पण त्यात कार्डच जोडलेलं नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! कंटेनर निमूट सुरू होतो आणि आयपीची वाट बघत बसतो. म्हणून क्लस्टरमध्ये मशीन घेण्याआधी तिच्यावर 'ब्रिज लिंक' ही आज्ञा चालवून कार्ड यादीत आहे ना, ते बघावं.

हे जुळलं की फायदा दिसतो. कंटेनर एका मशीनवरून दुसरीवर हलवला तरी त्याचा मॅक पत्ता तोच राहतो, म्हणून राउटर बहुधा जुनाच आयपी देतो. नव्या जागेवरून पहिली फ्रेम निघाली की स्विच आपली नोंद सुधारतो.

वाय-फायवर हा खेळ जमत नाही. ॲक्सेस पॉइंट सहसा जोडलेल्या यंत्राच्या मॅक पत्त्यापलीकडे काही स्वीकारत नाही. मशीनच व्हीएमवेअरवर असेल, तर तिथल्या आभासी स्विचला अनोळखी मॅक पत्ते चालवून घ्यायला सांगावं लागतं. आणि त्याच मशीनवर डॉकर असेल तर फायरवॉल तपासा. डॉकर फॉरवर्ड साखळीचं मूळ धोरण अनेकदा 'ड्रॉप' करून ठेवतो, आणि कर्नलचं ब्रिज-नेटफिल्टर सुरू असेल तर ब्रिजवरून जाणारी पॅकेटंही त्यात अडकतात. 'डॉकर-यूझर' साखळीत 'बीआर०'ला परवानगी देणारा नियम घातला की वाट मोकळी होते.