आधी पाहणे, मग किरण

आमचे एक निवृत्त सहकारी घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेत होते. “रोज आधी स्कॅन कशाला? दुखणे काय रोज जागा बदलते?” असे ते त्राग्याने विचारीत. उत्तर असे, की होय, बदलते!

हे उपचार सहा-सात आठवडे चालतात. त्या अवधीत गाठ आक्रसते, वजन घटते, चेहऱ्यावर बसविलेला जाळीचा मास्क सैल होतो. पहिल्या सीटी स्कॅनवरून आखलेले किरण मग लाळग्रंथींवर वा मज्जारज्जूवर अधिक पडू शकतात. म्हणून आधी यंत्रावरच प्रतिमा घेऊन ती मूळ आराखड्याशी ताडतात. फरक अल्प असल्यास टेबल काही मिलिमीटर सरकवितात. मोठा असल्यास आराखडाच नव्याने आखतात. अमेरिकेत डी यान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हा विचार मांडला. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे एमआरआय जोडलेल्या किरणयंत्रावर उपचार सुरू झाले.

चौथ्या आठवड्यात आमच्या सहकाऱ्यांचा मास्क सैल झाला. भिडेपोटी ते बोलले नाहीत; ती उणीव प्रतिमेने सांगितली आणि आराखडा बदलला. वाचकहो, अशी भीड रुग्णाने धरू नये. मास्क सैल वाटताच तंत्रज्ञास अवश्य सांगावे.