विश्लेषण : मूठ उघडली तरी अंगठा आतच? ‘एल१’ प्रथिन बिघडले की मेंदूत काय होते?

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्याच्या आसपास केलेल्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतील पोकळ्या रुंदावलेल्या दिसल्या, की अहवालात ‘व्हेंट्रिक्युलोमेगाली’ असा शब्द येतो. घरात मात्र एकच प्रश्न उरतो, डोक्यात पाणी झालेच कसे? कारणे अनेक असू शकतात. गर्भावस्थेतील संसर्ग, मेंदूतील रक्तस्राव, मणक्याचा दोष, गुणसूत्रांतील बिघाड. पण जन्मलेले बाळ मुलगा असेल, त्याचे अंगठे तळव्यात वळलेले असतील आणि आईच्या माहेरी एखादा मामा किंवा मावसभाऊ ‘डोके मोठे होऊन’ लहानपणीच गेलेला असेल, तर डॉक्टरांना एका विशिष्ट प्रथिनाचा संशय येतो. त्याचे नाव एल१, पूर्ण नाव एल१-कॅम.

हे प्रथिन करते काय?

मेंदू घडत असताना चेतापेशी आपल्या जागी बसून राहत नाहीत. त्यांच्यापैकी प्रत्येकीतून एक लांब तंतू निघतो आणि त्याला योग्य ठिकाणी पोहोचायचे असते. काही तंतूंना मेंदूच्या वरच्या थरातून निघून थेट पाठीच्या कण्यात उतरायचे असते. या तंतूच्या टोकाला हातासारखा पसरट भाग असतो, तो चाचपडत पुढे सरकतो. पुढे सरकायला पकड लागते. ती देणाऱ्या प्रथिनांना पेशी-आसंजक प्रथिने म्हणतात. साध्या शब्दांत, पेशींना एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिने. एल१ हे त्यांतले ठळक नाव.

१,२५७ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या पापुद्र्यातून आरपार गेलेली असते. तिचा मोठा भाग बाहेर असतो, अकरा मण्यांच्या माळेसारखा. छोटे शेपूट पेशीच्या आत. बाहेरचा भाग शेजारच्या तंतूवरील एल१ला पकडतो, तर शेपूट पेशीच्या आतल्या सांगाड्याला अडकते. गाडीच्या क्लचसारखेच हे काम आहे. इंजिन कितीही फिरले तरी क्लच लागल्याशिवाय चाकांना जोर मिळत नाही. तंतूच्या टोकातील हालचालही एल१च्या पकडीमुळेच पुढे जाण्याच्या कामी येते. एकाच दिशेने निघालेले तंतू जुडीने जातात, त्यातही याच पकडीचा हात असतो.

जर्मनीत मेलिटा शाख्नर आणि त्यांचे सहकारी रात्येन यांनी १९८४ मध्ये उंदराच्या मेंदूतून या प्रथिनाचे वर्णन केले. तेव्हा ते निव्वळ प्रयोगशाळेतले कुतूहल होते. पण बिकर्स आणि अॅडम्स या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबातील फक्त मुलग्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या जलशीर्षाची, म्हणजे हायड्रोसेफालसची, नोंद १९४९ मध्येच करून ठेवली होती. हे दोन धागे जुळायला १९९२ साल उजाडले. त्या वर्षी अशाच एका कुटुंबात एल१च्या जनुकात बिघाड सापडला.

पाणी, अंगठा आणि पाय यांचा संबंध काय?

मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर द्रव तयार होतो आणि तितकाच शोषला जातो. तो एका पोकळीतून दुसरीत जाताना एका अतिशय अरुंद नळीतून जातो. एल१च्या दोषात ही नळी बहुधा चिंचोळी झालेली असते. द्रव तुंबतो, पोकळ्या फुगतात, डोक्याचा घेर वाढतो.

मात्र सगळा दोष या नळीवर ढकलणे चुकीचे ठरेल. याच मुलांत मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा अनेकदा अपुरा असतो किंवा नसतोच. मेंदूकडून पाठीच्या कण्यात जाणाऱ्या, हातापायांना हुकूम देणाऱ्या तंतूंची जुडीही खुरटलेली असते. म्हणजे वाट चुकलेले तंतू हा मूळ आजार आणि पाणी हा त्याचा सर्वांत ठळक दिसणारा भाग. म्हणूनच पाय ताठर राहतात, चालणे उशिरा येते किंवा येत नाही, बौद्धिक वाढ मागे पडते. अंगठा का वळतो? हाताकडे जाणाऱ्या या संदेशमार्गातील उणीव आणि अंगठा बाहेर ताणणाऱ्या स्नायूंची अपुरी वाढ, या दोन्हींकडे बोट दाखवले जाते.

इथे आईवडिलांनी घाबरून जाऊ नये. नवजात बाळे अंगठा आत घेऊन मूठ मिटतातच, त्यात वावगे काही नाही. बाळाने हात उघडल्यावर, झोपेत मूठ सैल पडल्यावरही अंगठा तळव्यालाच चिकटलेला राहतो का, हे पाहायचे असते. एल१चा दोष असलेल्या सुमारे निम्म्या मुलग्यांतच ही खूण दिसते. त्यामुळे अंगठा सरळ आहे, म्हणजे दोष नाही, असेही म्हणता येत नाही.

या दोषामुळे होणारे जलशीर्ष सुमारे ३० हजार मुलग्यांमागे एकात आढळते. एकाच घरात एका भावाला गंभीर जलशीर्ष आणि दुसऱ्याला केवळ ताठर चाल, असेही होते. त्यामुळे ‘धाकट्याचे दुखणे वेगळे आहे’ असे समजून निदान राहून जाते.

मुलग्यांनाच का?

एल१चे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलींकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलग्याकडे एकच. आई स्वतः ठणठणीत असते, तिला कधी शंकाही आलेली नसते आणि तरी ती वाहक असू शकते. अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता ५० टक्के आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही ५० टक्के. ‘पहिल्या खेपेला झाले, आता होणार नाही’ हा दिलासा इथे लागू होत नाही. नाणे दर वेळी नव्याने उडवले जाते. काही मुलांत मात्र हा बदल नव्यानेच झालेला असतो आणि आई वाहक नसते. तपासल्याशिवाय यातले काय खरे, ते कळत नाही.

आईचे काही चुकले का?

नाही. ग्रहण पाळले नाही, विळीला हात लावला, जड उचलले, यातल्या कशाचाही एल१शी संबंध नाही. फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चुकल्या, हा आरोपही टिकत नाही. त्या गोळ्या मणक्याच्या दोषांची शक्यता कमी करतात आणि त्या घ्यायलाच हव्यात, पण जनुकातील हा बदल त्या रोखू शकत नाहीत. आजार आईच्या बाजूने येतो, एवढ्यावरून सासरी तिला धारेवर धरले जात असेल, तर कोणते जनुक पुढे जाणार हे तिच्या हातात नसते, हे डॉक्टरांनी कुटुंबाला समोर बसवून सांगायला हवे.

दारूचा मुद्दा वेगळा आहे. अमेरिकेत मायकेल चारनेस यांच्या गटाने १९९०च्या दशकात प्रयोगशाळेतील पेशींवर दाखवले, की मद्यार्क एल१ची पकड ढिली करतो. गरोदरपणातील मद्यपानामुळे बाळाच्या मेंदूत दिसणारे काही दोष एल१च्या आजाराशी मिळतेजुळते असतात, ते का, याचा एक धागा यातून मिळाला. मात्र जनुक बिघडणे निराळे आणि चांगल्या जनुकाचे काम दारूने बिघडवणे निराळे.

उपचार आहेत का?

पाण्यावर आहेत, मूळ दोषावर नाहीत. मेंदूतील जादा द्रव पोटात नेणारी सिलिकॉनची नळी, म्हणजे शंट, शस्त्रक्रियेने बसवतात. भारतात बनणारा स्वस्त छाब्रा शंट यासाठी वापरला जातो. युगांडात १९५ मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या निकालांत तो महागड्या परदेशी शंटच्या तोडीचा ठरला. शंटमुळे दाब उतरतो, जीव वाचतो. पण चुकलेले तंतू त्याने जागेवर येत नाहीत, हे शस्त्रक्रियेआधीच सांगितले गेले पाहिजे. नाहीतर ‘ऑपरेशन होऊनही मूल चालत नाही’ म्हणून पालक या शहरातून त्या शहरात फिरत राहतात. ताठरपणासाठी फिजिओथेरपी आणि अंगठ्यासाठी पट्टी लवकर सुरू केलेली बरी. शंट तुंबूही शकतो. मूल वारंवार उलट्या करू लागले, सुस्तावले किंवा त्याची बुबुळे खाली झुकलेली राहू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुढच्या गरोदरपणात काय?

केवळ सोनोग्राफीवर विसंबणे इथे धोक्याचे आहे. विसाव्या आठवड्यात पोकळ्या अगदी नेहमीसारख्या दिसतात आणि नंतर रुंदावतात, असे या आजारात घडते. खात्रीची वाट आधीच्या मुलाच्या रक्तातून जनुकातील नेमका बदल शोधण्याची आहे. असे २००हून अधिक बदल ज्ञात आहेत आणि बहुतेक कुटुंबांचा बदल स्वतःचा, वेगळा असतो. तो हाती आला, की पुढच्या खेपेला साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन तेवढाच बदल तपासता येतो.

कायद्याची अडचण येईल का, हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. गर्भलिंग निदानावर निर्बंध आणणारा कायदा १९८८ मध्ये सर्वप्रथम याच राज्याने केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. केंद्राच्या कायद्यातील कलम ४ लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी प्रसवपूर्व निदानाला परवानगी देते. अट इतकीच, की ते नोंदणीकृत केंद्रात, ठरलेल्या कागदपत्रांसह व्हावे. गर्भपात कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. विसाव्या आठवड्यानंतर दिसू लागणाऱ्या आजारात हे चार आठवडे किती अपुरे असतात, हे वेगळे सांगायला नको. निर्णय अर्थातच त्या जोडप्याचा.

आजारी मुलाच्या मावशीचीही तपासणी व्हायला हवी, बहिणीचीही, ती मोठी झाल्यावर. त्यांना संपूर्ण जनुकाची महागडी चाचणी लागत नाही, घरातला तो एक बदल पाहिला की पुरते. त्यासाठी मुलाचा जनुकीय अहवाल फाइलमध्ये हवा. मूल दगावले, तर त्याच्या रक्ताचा किंवा डीएनएचा नमुना साठवून ठेवता येईल का, हे रुग्णालयाला त्याच वेळी विचारावे लागते.