समोरचा ऑल-इन गेला. कॉल करावा का?

कमानिया गेटजवळच्या बडकुलांची खव्याची जलेबी 1889 पासून जबलपूरकरांच्या जिभेवर आहे. दिवाळीत घरच्या पोकर स्पर्धेला याहून चांगलं बक्षीस नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. घरी प्रवेश फी न घेता नुसत्या चिप्सवर खेळावं. समजा, जलेब्या 100 आहेत: पहिल्याला 50, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20, चौथ्याला काही नाही.

कुणी आपल्या सगळ्या चिप्स एकदम पुढे सारल्या की तो ऑल-इन. तेवढ्याच चिप्स घालून आपण भिडलो तर कॉल, पानं टाकली तर फोल्ड.

आधी हिशोब करावा. ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, 500 आणि 1000 आहेत. मोठा ब्लाइंड आपला. एकजण 8000 ला ऑल-इन गेला, बाकीच्यांनी पानं टाकली. मध्ये 9500 जमले, आपल्याला आणखी 7000 घालायचे. 7000 भागिले 16500, म्हणजे शंभरातले निदान 43 डाव जिंकणारी पानं हवीत. इथे पुष्कळांचं चुकतं: आधी घातलेले 1000 ‘आपले’ समजून ते त्यांच्यासाठी झुंजतात. ते आता मधल्या ढिगातले आहेत.

मग समोरच्याचा अंदाज. एकच जोडी मनात धरू नये. तो कोणकोणत्या पानांवर एवढं धाडस करेल, ते बघावं. सर्वांत आधी बोलणारा सहसा भक्कम पानांवरच ऑल-इन जातो. शेवटी बोलणारा, त्यातून चिप्स संपत आलेला, साध्या पानांवरही जातो. एक्का-नव्वीला फार भुलू नये. समोर एक्का-राजा निघाला तर ती चारातला एखादाच डाव जिंकते.

आता खरी मेख. चौघं उरलेत, चिप्स सगळ्यांच्या सारख्या, खेळही तोलामोलाचा. प्रत्येकाचा वाटा सरासरी 25 जलेब्यांचा. कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट, पण वाटा 50 होत नाही, 38 च्या आसपासच जातो. कारण पहिला नंबर तरीही निम्म्याच वेळा लागतो, एरवी 30 किंवा 20 वर भागवावं लागतं. हरलात तर शून्य. म्हणजे 38 साठी 25 पणाला. ब्लाइंड बाजूला ठेवले तरी शंभरात 65 डाव जिंकायला हवेत.

अठ्ठ्यांची जोडी एक्का-राजासमोर साधारण 55 डाव जिंकते. वरच्या हिशोबात, सुरुवातीच्या फेरीत, कॉल करावा. चौघं उरल्यावर तीच जोडी टाकावी. हे जिवावर येतं, आणि चौथे नंबर बहुतेक इथेच ठरतात. तिसऱ्या कुणाकडे जेमतेम दोन ब्लाइंड उरले असतील तर आणखी आखडता हात घ्यावा, कारण तो आपल्याआधी बाद होण्याचा संभव मोठा.

उलट, मोठा ब्लाइंड भरून आपल्याकडेच 1000 उरले असतील, तर मधले 3500 मिळवायला फक्त 1000 लागतात. दुसरं कुणी बाद व्हायच्या बेतात नसेल, तर तिथे जवळजवळ कुठल्याही पानांवर कॉल करावा.