आधी राजा, की आधी राज्य?
(लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातील पुतळ्याचा खुलासा पुरा झाला. आज प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायाकडे वळावयाचे आहे. त्या अध्यायातील मर्माचा प्रश्न मी प्रथम ऐकला तो मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका पाड्यावर. रविवारची प्रार्थना आटोपली होती, शेणाने सारवलेल्या ओटीवर सुपात नागली वाळत होती, आणि ज्यांनी नुकतेच शास्त्रवाचन केले होते ते म्हातारेबाबा, शेवटची पाने हाताळून हाताळून काळवंडलेले आपले बायबल मांडीवर तसेच उघडे ठेवून, मला म्हणाले, “गुरुजी, आधी राजा येणार, की आधी राज्य?”

ज्या मुलखात 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने मुकणे घराण्याच्या सत्तेला मान्यता दिली आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्याच घराण्याची गादी चालली, त्या जव्हार-मोखाड्यात ‘राज्य’ हा शब्द नुसता अलंकार म्हणून कोणी ऐकत नाही. राजा म्हणजे हुकूम, सारा, दरबार आणि दाद मागण्याचे ठिकाण. म्हणूनच बाबांचा प्रश्न मला मोठ्या नेमकेपणाचा वाटला. गेल्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती मंडळीत ज्या मुद्द्यावर फाटाफूट झाली, तो त्यांनी एका वाक्यात मांडला होता.

मूळ मजकूर अगदी थोडा आहे. सैतानाला बेड्या घालून अगाधकूपात टाकले जाते आणि ख्रिस्तासाठी प्राण दिलेले लोक त्याच्यासह हजार वर्षे राज्य करतात, एवढाच तो वृत्तान्त. दुसऱ्या ओवीपासून सातव्या ओवीपर्यंत, प्रत्येक ओवीत एकदा, असा सहा वेळा ‘हजार वर्षे’ हा शब्द येतो आणि ख्रिस्ताच्या राज्याची ही मुदत शास्त्रात अन्यत्र कोठेही सांगितलेली नाही. आरंभीच्या शतकांत पापियस, इरेनियस यांच्यासारख्यांनी ती मुदत अक्षरशः घेतली; त्या राज्यात एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या फुटतील, असे पापियसचे वर्णन इरेनियसने जपून ठेवले आहे. पुढे ऑगस्टीनने 413 ते 426 या काळात लिहिलेल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या खंडात असा निर्वाळा दिला की, ते राज्य ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासूनच सुरू झालेले असून हजार हा आकडा पूर्णत्वाचे चिन्ह आहे. कॅथलिक मंडळीची वहिवाट तेव्हापासून याच अंगाने जाते. 1998 मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताच्या कक्षेत जव्हार आणि मोखाडाही येतात, आणि तेथे नाताळपूर्वीच्या आगमनकाळात जी वाट पाहिली जाते, तिच्यात वर्षांची मोजदाद नसते.

मराठी मुलखाला अधिक जवळची हकीगत पुढची आहे. फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हा त्यांच्या देशातील बहुतेक मंडळ्यांची धारणा अशी होती की, सुवार्तेच्या प्रसाराने, शाळांनी आणि छापखान्यांनी हे जग क्रमाक्रमाने सुधारत जाईल, ते सहस्र वर्षांचे राज्य माणसांच्या हातून उभे राहील आणि त्याच्या अखेरीस राजा येईल. हॉलने सॅम्युएल न्यूएलच्या सहकार्याने साठ कोटी लोकांच्या ख्रिस्तीकरणाचा हिशेब मांडणारी जी पुस्तिका लिहिली आणि जी 1818 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात हा आशावाद ओतप्रोत भरलेला आहे. हाच हॉल 1826 च्या मार्चमध्ये नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच मरण पावला. साठ कोटींचा हिशेब करणाऱ्या त्या तरुणाचा असा रस्त्यावर झालेला शेवट आठवला की आजही माझे मन भरून येते.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी जॉन नेल्सन डार्बी याने अगदी उलट क्रम लावला: जग सुधारत नसून बिघडत जाणार, मंडळी अकस्मात मेघांत वर घेतली जाणार, मग सात वर्षांचे महासंकट, मग राजा, आणि त्याच्यामागून त्याचे हजार वर्षांचे राज्य. 1909 मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या सटीप बायबलाने हा मजकूर ओव्यांच्या खालीच छापला, आणि टीप कोणती व शास्त्र कोणते याचा भेद अनेक वाचकांच्या मनातून पुसला गेला. माझ्या मते या साऱ्या वादातील मोठे नुकसान ते हेच. नोव्हेंबर 2018 पासून शेजारच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा भूकंपांचा उल्लेख असलेला मत्तयाचा चोविसावा अध्याय काढून तारखा जुळविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच अध्यायात तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असे स्वतः ख्रिस्ताच्या तोंडी आहे, हे ज्याच्या त्याच्या कानावर घातले पाहिजे.

राजा आधी येणार असे मानणारे लोक हात जोडून बसून राहतात, असा आक्षेप सर्रास घेतला जातो. मला तो मान्य नाही, आणि माझा दाखला केडगावचा आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, जेथे दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली राहत होत्या, 1905 च्या जूनअखेरीस प्रार्थनेची एक प्रचंड जागृती झाली, आणि पुढे पेंटेकॉस्टल पंथीयांनी अशा जागृतींना शेवटल्या काळातील ‘वळवाचा पाऊस’ मानून राजा दाराशी आल्याची खूण ओळखली. पण ज्या अंगणात ती खूण दिसली, तेथेच शेती चालली होती, छापखाना चालला होता, आणि रमाबाई मूळ भाषांवरून अवघ्या बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या; 1922 मध्ये त्या निवर्तल्या आणि ते भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

हा ‘वळवाचा पाऊस’ बाबांना समजावून सांगताना मात्र मीच अडखळलो. मराठी शास्त्रात ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ अशी पावसाची जोडी येते. पॅलेस्टाईनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पेरणीसाठी जमीन मऊ करतो आणि शेवटला मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरवून जातो. म्हणून तेथील कुणब्याला शेवटल्या पावसाचा अर्थ कापणी जवळ आली असा लागतो. जव्हार-मोखाड्यात हा क्रमच फिरतो. येथे वैशाखाच्या काहिलीत, हंडाभर पाण्यासाठी बाया आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरत असताना, वळीव पडतो तो आधी, आणि आगोट लागते ती नंतर.

मी हे सारे सांगत असता बाबा मान हलवीत होते. मग त्यांनी समोरच्या उतारावरच्या, राब भाजून काळ्या पडलेल्या वाफ्याकडे बोट दाखविले आणि म्हणाले, “आमच्यात वळीव पडला की कापणी नाही, गुरुजी. वळीव पडला की बियाणं उतरवायचं.”

एवढे बोलून ते आढ्याला टांगलेली नागलीच्या बियाण्याची टोपली नीट आहे ना, ते पाहावयास उठले.